अत्याचारानंतरची ती आणि तो : दोन लघुपटांच्या पटकथांवर सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. लातूरच्या एका महाविद्यालयातल्या गटाने वीस-वीस मिनिटांच्या दोन लघुपटांच्या पटकथा लिहिल्या आहेत. एकीत बीड जिल्ह्यातून सांगलीकडे ऊसतोडीला गेलेली बावीस वर्षांची बाई आहे, तिच्यावर मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून नेणारा कंत्राटदार, अत्याचार करतो. दुसरीत वसतिगृहात राहणारा पहिल्या वर्षाचा मुलगा आहे, त्याच्यावर सिनियर मुलं अत्याचार करतात. ओळखीच्या मंडळींसमोर वाचन केलं तेव्हा पहिलीला सगळे गप्प झाले, काहींनी डोळे पुसले. दुसरीला दोन ठिकाणी हशा आला. गट विचारतो, चूक ऐकणाऱ्यांची की आमची, आणि दुरुस्ती कुठे करायची?

चूक दोन्ही पटकथांत आहे. दुसरीतली हशामुळे उघडी पडली, पहिलीतली रडण्यामागे झाकली गेली, एवढाच फरक.

बाईवर अत्याचार झाला की आपला सिनेमा तो प्रसंग दाखवतो, लांबवतो, आणि मग तिला बाजूला सारून गोष्ट भावाच्या, नवऱ्याच्या नाहीतर वकिलाच्या हातात देतो. पुरुषावर झाला तर प्रसंग गाळतो किंवा त्याची टिंगल करतो. वर त्याचा परिणाम म्हणून एकच गोष्ट दाखवतो : मोठेपणी विकृत खुनी झालेला माणूस, ज्याचं ‘कारण’ शेवटच्या दहा मिनिटांत कळतं. तिला घटना मिळते, पुढचं आयुष्य मिळत नाही. त्याला पुढचं आयुष्य मिळतं, पण त्याच्यावर काय गुदरलं हे कुणी सरळ सांगत नाही. म्हणून तुमच्या दोन पटकथांना औषधही वेगवेगळं लागेल. पहिलीत नंतरचे दिवस वाढवायचे. दुसरीत काय झालं ते न लाजता, न चघळता कळू द्यायचं.

आधी पहिली. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरलं तर तुमचा अत्याचाराचा प्रसंग पावणेतीन मिनिटांचा होतो. वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये हे फार झालं. तो नवव्या पानावर संपतो. आता लाल पेन्सिल घ्या आणि उरलेल्या अकरा पानांत ती ज्या ज्या दृश्यात आहे त्याच्या समासात एक रेघ मारा. ज्या दृश्यात ती काही ठरवते, म्हणजे सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, उद्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, जायचं की नाही, तिथे दुसरी रेघ मारा. पहिल्या रेघा चार निघतात, दुसरी एकही नाही. नवरा ठरवतो, सासरा ठरवतो, सरपंच बोलतो, आणि शेवटी नवरा कोयता उचलतो. तो कोयता तर गाळाच. ऊसतोडीवरच्या गोष्टीत शेवटी कोयता उठणार हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं. शिवाय त्या एका घावात तिची सगळी गोष्ट नवऱ्याच्या इभ्रतीची होऊन बसते.

तुमच्याकडे याहून बळकट सामान आहे, ते वापरलेलंच नाही. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीवर असते. ती फिटेपर्यंत दोघांनाही फडातून हलता येत नाही, एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, आणि हिशोबाची वही ज्याच्या हातात असते तो मुकादमच. ती ओरडत का नाही, दुसऱ्या दिवशी पळून का जात नाही, या प्रश्नांचं उत्तर त्या वहीत आहे. मुकादमाला तुम्ही पिळदार मिशी, दारूची बाटली आणि गडगडाटी हसू दिलंत, त्याने तो सोपा झाला. तोच मुकादम दर हंगामाला गावातली तीसेक माणसं कामाला नेणारा, कुणाच्या पोराच्या दवाखान्याला पैसे देणारा, तिच्या सासऱ्याने ‘आपला माणूस’ म्हटलेला दाखवा. मग तिच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे. तुमच्या पानावर दिवा विझतो, वीज कडाडते, बांगड्या फुटतात, कॅमेरा तिच्या पायांवरून वर सरकतो, मग मुकादमाच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसतो. यातली प्रत्येक गोष्ट १९७०-८० च्या दशकातल्या हिंदी सिनेमातून वाहत आलेली आहे. कॅमेरा त्याच्या खांद्यामागे ठेवला की प्रेक्षक त्याच्या जागी उभा राहतो, मग संवादात तुम्ही काहीही लिहा. शरीराचे तुकडे तुकडे दाखवले की तिचं माणूसपण फ्रेमबाहेर जातं. आणि तुम्ही लिहिलेलं स्लो मोशन, म्हणजे सेकंदाला ४८ फ्रेम घेऊन २४ ने दाखवणं, त्या क्षणाचा वेळ सरळ दुप्पट करतं. दुःखाचा नव्हे, बघण्याचा वेळ.

करायचं काय? हा प्रसंग दाखवायची गरज आहे का, हे आधी ठरवा. माझ्या मते नाही. दाखवायचाच ठरला तर कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, ती पाहते त्या दिशेला ठेवा. कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, छताचं पाचट, फटीतून येणारा ट्रॅक्टरचा उजेड, बाहेर रात्रीची गाडी भरताना चाललेली मोबाइलवरची गाणी. वीस-पंचवीस सेकंद पुरतात. पार्श्वसंगीत नको. तिथला खरा आवाज ठेवा, आणि तोच आवाज पुढे दोनदा आणा : सकाळी फडात, आणि गावी परतल्यावर. तो आणाल तेव्हा ती काय करत होती आणि मध्येच थांबली, एवढंच दाखवा. मोळी बांधताना हात थांबणं हे किंकाळीपेक्षा लांबपर्यंत पोचतं.

किंकाळीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती नुसती शैलीची बाब नाही. अशा वेळी पुष्कळांचं शरीर ताठरून जातं, आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. भीतीची ही शारीरिक प्रतिक्रिया आहे, मर्जी नव्हे. १९७२ साली विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, आणि अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत हा त्यातला मोठा मुद्दा होता. त्यावर देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पडद्यावरच्या पीडितेने मात्र अजूनही ओरडलंच पाहिजे, झटापट केलीच पाहिजे, नाहीतर प्रेक्षकाला ती ‘खरी’ वाटत नाही. तुमची नायिका ओरडत नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. पण पुढे नवरा विचारतो, “वरडली का न्हाईस?” आणि पटकथा तिला उत्तर देत नाही. तिथे उत्तर हवं. भाषण नको. “आवाजच फुटंना गेला” एवढं पुरे. मराठवाड्यातली बाई हेच आणि एवढंच म्हणेल.

दवाखाना आणि ठाण्याची दृश्यं तुम्ही टीव्ही मालिकांवरून लिहिली आहेत. तिथे चार दुरुस्त्या करा. सांगलीकडे घडलेल्या गुन्ह्याची तक्रार बीडमध्ये घेता येत नाही असं तुमचा हवालदार म्हणतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तरीही तो नाही म्हणतोय असंच दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण तो चुकतोय हे कळलं पाहिजे. दुसरी, तिची हकिकत महिला अधिकारी नोंदवते. तिसरी, वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच होते. तुमच्या डॉक्टरच्या तोंडी असलेला ‘बोटांच्या तपासणी’चा (टू-फिंगर टेस्ट) उल्लेख काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती तपासणी खासगीपणाचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असं बजावलं. चौथी, ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी. खरी घटना असेल तर गाव, आडनाव, नवऱ्याचं काम, यातलं काहीही ओळख पटवू शकतं, आणि ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पाटी काढलीत तर फिल्मचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या पटकथेत हशा नेमका कुठे आला ते तुम्ही लिहून ठेवलंत, हे फार चांगलं केलंत. पहिला हशा तिसऱ्या पानावर, नाजूक चालीच्या रेक्टरवर. दुसरा सातव्या पानावर, सिनियर मुलं त्या मुलाला साडी नेसवून नाचायला लावतात तिथे.

रेक्टर काढा, किंवा त्याला साधा माणूस करा. पुरुषावरचा अत्याचार म्हटलं की पटकथेत एक बायकी पुरुष किंवा तृतीयपंथी आणून ठेवायचा, आणि संशय त्याच्यावर ढकलायचा, ही फार जुनी आणि वाईट खोड आहे. प्रेक्षक त्या पात्राला हसायला सरावलेला असतो. एकदा हसला की पुढची दहा मिनिटं तो त्याच मोकळीकीत बसतो. वसतिगृहातली ही हिंसा वर्चस्वाची असते आणि ती करणारा बहुतेक वेळा सगळ्यांचा ‘दादा’ असतो : गणपतीची वर्गणी गोळा करणारा, मेसवाल्याशी भांडून डबा सुधारून घेणारा, नव्या पोराला नोट्स देणारा. मुलगा आधी त्याच्या शब्दाखातर त्या खोलीत जातो. ही ओळख तीन मिनिटांत उभी करा. विनोद हवाच असेल तर तो मेसमध्ये ठेवा, त्या खोलीत एकही नको.

साडीचा प्रसंग मात्र काढू नका, फिरवा. आता तो असा आहे : मुलं शिट्ट्या मारतात, मुलगा नाचतो, मग दार लागतं. पुरुष साडीत दिसला की हसायचं, हे प्रेक्षकाला शेकडो फिल्मांनी शिकवलंय. तुम्ही त्याला तेच खाद्य पुरवता आणि पुढच्या क्षणी गंभीर व्हायला सांगता. तो होणार नाही. नाच दाखवूच नका. दाराबाहेरच्या बोळात कॅमेरा ठेवा, आतून शिट्ट्या आणि मोबाइलचं गाणं ऐकू येऊ द्या, मग शांतता. तिथून थेट पहाटेचं न्हाणीघर. मुलगा एकटा, गॅदरिंगच्या पेटीतली ती जरीची साडी अजून अंगावर, निऱ्यांना लावलेली पिन त्याला सुटत नाही. बोटं थरथरतात, पिन टोचते, तो पुन्हा लावून पुन्हा काढायला बघतो. शेवटी पिन तशीच ठेवून साडी खाली ओढतो, कापड फाटतं, आणि बादलीत पाणी पडायचा आवाज येतो. चाळीस सेकंद, एकच शॉट, कॅमेरा त्याच्या पाठीमागे नाही तर बाजूला, कंबरेच्या वर. शरीर दाखवायचं नाही, हात दाखवायचे. साडी दिसली म्हणून कुणी हसलाच तर पिन सुटत नाही हे बघताना तो आपोआप थांबेल. आणि काय झालं हे सगळ्यांना कळलेलं असेल.

पुढच्या पानांत तुम्ही त्याला दारू, मग मारामारी, मग एका लहान मुलाकडे ‘तशा’ नजरेने बघणं असं नेलंय. शेवटचं आजच्या आज खोडा. अत्याचार सोसलेली बहुतेक माणसं पुढे कुणावर अत्याचार करत नाहीत. ती करतात ही समजूत सिनेमानेच पसरवली आहे आणि तिच्यामुळे कितीतरी पुरुष तोंड उघडत नाहीत, कारण सांगितलं की लोक आपल्याकडे तसंच बघतील ही भीती. तितकीच घट्ट दुसरी लाज असते : त्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला, म्हणजे आपल्यालाही ते हवं होतं का? शरीराचा प्रतिसाद ही आपोआप होणारी गोष्ट आहे, संमती नाही. हे वाक्य फिल्ममध्ये कुणीतरी म्हणायला हवं, आणि समुपदेशकापेक्षा वर्गातला मित्र म्हणाला तर जास्त बरं.

त्याच्या नंतरच्या दिवसांसाठी साध्या खुणा वापरा. रात्री जागा, दिवसा झोप. मेसला जायचं बंद. बसस्टँडवर रात्र काढणं. आई गावाकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन येते, पाठीवर हात ठेवते आणि तो दचकून बाजूला होतो. “काय झालं रे बाळा?” “पडलो होतो पळताना.” इथे बापाच्या तोंडी ‘गडी असून रडतोस’ हे वाक्य तुम्ही घातलंय. सगळे घालतात. त्यापेक्षा बापाला काहीच कळत नाही आणि तो मुलाची सायकल दुरुस्त करत बसतो, हे जास्त खरं वाटेल.

मुलाचं वय पटकथेत कुठे सतरा आहे, कुठे एकोणीस. आधी हे पक्कं करा, कारण त्यावर सगळा उत्तरार्ध फिरतो. सतरा असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि ज्याला माहीत झालं त्याच्यावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे, म्हणजे तुमचे गप्प बसलेले प्राचार्यही अडकतात. एकोणीस असेल तर चित्र पालटतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची पीडित व्यक्ती स्त्रीच असू शकते. जुन्या दंड संहितेतलं ‘अनैसर्गिक’ संबंधांबद्दलचं कलम ३७७ निदान अशा वेळी हाताशी होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि त्यात ते नाही. २०१३ मध्ये, बलात्काराच्या कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या वर्मा समितीने पीडित कुणीही असू शकतो असं म्हटलं होतं, फेब्रुवारीतल्या वटहुकमात तशी तरतूद आली आणि एप्रिलच्या कायद्यात पुन्हा स्त्रीपुरती राहिली. तेव्हा तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला ठाण्यात मारहाण, डांबून ठेवणं अशाच कलमांचा आधार मिळेल. मोबाइलवर चित्रण झालं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, संमतीशिवाय गुप्तांगाचं चित्रण करण्याविरुद्धचं ६६ई कलम आहे, ते पुरुषालाही लागू होतं.

त्याच्या बाजूने उभं राहतं ते रॅगिंगविरोधी नियमन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत रॅगिंगच्या व्याख्येतच लैंगिक अत्याचार आणि कपडे उतरवायला लावणं येतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात तक्रार आल्यावर सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची आहे. हे सात दिवस तुमच्या उत्तरार्धाचं घड्याळ होऊ शकतात. पहिल्या दिवशी अर्ज, तिसऱ्या दिवशी ‘दादा’ मेसमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसतो, पाचव्या दिवशी साक्षीदार मित्र गावाला निघून जातो. तयार नाट्य आहे, वेगळा खलनायक शोधायला नको.

सेन्सॉरच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हाच फरक दिसतो. स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेची दृश्यं टाळावीत, विषयाला आवश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत आणि तपशील दाखवू नयेत, असं त्यात स्पष्ट आहे. पुरुषाचा तसा उल्लेखच नाही. लगेच पुढचं कलम ‘विकृती’च्या दृश्यांबद्दल आहे. पुरुषावरच्या अत्याचाराकडे कुठल्या खणातून बघितलं जाऊ शकतं, ते यावरून ओळखा.

घटना न दाखवता ती पूर्ण पोचवता येते याचे दोन पुरावे हवे असतील तर डॅनिश ‘फेस्टेन’ (१९९८) आणि अमेरिकन ‘स्पॉटलाइट’ (२०१५) बघा. पहिल्यात बापाच्या साठीच्या जेवणावळीत मोठा मुलगा उभा राहून लहानपणी बापाने आपल्यावर आणि जुळ्या बहिणीवर काय केलं ते सांगतो, आणि पाहुणे जेवत राहतात. दुसऱ्यात लहानपणी पाद्र्यांचे अत्याचार सोसलेली, आता मोठी झालेली माणसं पत्रकारांसमोर बसून बोलतात. दोन्हींत पुरुषाला स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळतं. ‘बँडिट क्वीन’ (१९९४) बघाल तर त्याचा दुसरा भागही वाचा : जिच्यावर फिल्म होती त्या फूलन देवींनीच तिला आक्षेप घेतला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मला परवानगी दिली. कायद्याने मिळालेली मुभा आणि जिच्यावर बेतलं तिची मर्जी, हे दोन हिशोब वेगळे ठेवावे लागतात.

शूटिंगच्या दिवसाचं थोडक्यात. या दृश्यांना सेटवर सहा-सात माणसंच ठेवा, मॉनिटर एकच, सगळ्यांचे मोबाइल बाहेर. कुठे हात लागेल, किती वेळ, हे आधी कपडे घालून, मोजून, पायरी-पायरीने बसवा आणि दोन्ही कलाकारांची लेखी संमती घ्या. थांबवण्याचा शब्द ‘थांब’ किंवा ‘नको’ ठेवू नका, ते संवादातच असतात. ‘पेरू’ ठेवा, काहीही ठेवा, पण तो ऐकल्यावर कॅमेरामननेही हात काढला पाहिजे. पुरुष कलाकारासाठी हे सगळं करायचं युनिटं हमखास विसरतात, आणि कॅमेऱ्यामागे कुणीतरी फिदीफिदी हसतं. ते हसू अभिनयात उतरतं, आणि मग थिएटरातही. टेक झाल्यावर त्याला वेशातून बाहेर यायला वीसेक मिनिटं द्या, पुढच्या सेटअपची घाई करू नका. कच्च्या चित्रणाच्या दोनच प्रती, कुणाकडे आहेत ते लिहून ठेवा. गटाच्या ग्रुपवर एक फोटोही जाता कामा नये.

दाखवताना दोन्ही फिल्मा एकामागोमाग लावायच्या असतील तर मुलाची आधी लावा. उलट क्रमात तिच्या फिल्मने जड झालेला प्रेक्षक सुटका शोधतो आणि ती त्याला मुलाच्या फिल्ममध्ये सापडते. विषय काय आहे हे सुरुवातीलाच पाटीवर सांगा, म्हणजे ज्याला उठून जायचं तो जाईल. पहिली चाचणी पंधरा-वीस जणांपुढे करा, हसू किंवा चुळबूळ कितव्या सेकंदाला आली ते लिहा. गावात बायका-पुरुष वेगळे बसतात, तर कुठल्या बाजूने आली तेही लिहा. शेवटच्या पाटीवर १८१, १०९८, ११२ आणि मानसिक आधारासाठीचा १४४१६ हे चारही क्रमांक निदान दहा सेकंद राहू द्या. १८१ महिलांसाठी आणि १०९८ मुलांसाठी आहे. तुमच्या एकोणीस वर्षांच्या मुलासारखा कुणी बसला असेल तर त्याच्या कामाचे बाकीचे दोन, म्हणून ते वर लिहा. चर्चा ठेवलीत तर माइक फिरवून ‘कुणाला असा अनुभव आहे का’ असं विचारू नका. दिवे अर्धे ठेवा, आणि बोलायचं असेल त्याच्यासाठी बाहेर एक बाई आणि एक पुरुष असे दोघं जाणते थांबवून ठेवा.